मारुती ८०० ची स्पेक शीट: ओळीओळीत दडलेला इतिहास

(हे या भागाचं लिखित रूप आहे. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय.)



इतिहास म्हटलं की आपल्याला काय आठवतं? ताम्रपट, बखरी, मोडीतली पत्रं, किल्ल्याच्या दरवाजावरचा शिलालेख. आज आपण तेवढ्याच मानाने एक वेगळा कागद वाचणार आहोत. गाडीची स्पेक शीट. शोरूममधल्या माहितीपत्रकाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात तो तक्ता असतो ना, इंजिन अमुक सीसी, लांबी तमुक मिलिमीटर, वजन, टायर, टाकी, तोच.

तुमच्यापैकी बरेच जण सध्या पहिली गाडी घ्यायच्या विचारात असतील. बजेट कमी, पार्किंग अरुंद, रोजचं अंतर फार नाही, म्हणजे छोटी पेट्रोल हॅचबॅक. मग रात्री झोपायच्या आधी फोनवर दोन गाड्या शेजारीशेजारी लावायच्या आणि हिरव्या टिक मोजत बसायचं. मीही हेच करतो. पण मी सॉफ्टवेअरवाला. आमच्या धंद्यात एक नियम आहे. जुन्या कोडमध्ये एखादा विचित्र आकडा दिसला तर त्याला लगेच हात लावायचा नाही, आधी तो कुणी आणि का लिहिला ते शोधायचं. कारण तो आकडा आकाशातून पडलेला नसतो. कुणीतरी कुठल्यातरी अडचणीत तो निर्णय घेतलेला असतो.

गाडीच्या तक्त्यालाही हाच नियम लावून बघू. गाडी कुठली? आपल्या सगळ्यांच्या घरात, वाड्यात, गल्लीत किंवा निदान लग्नाच्या अल्बममध्ये जी आहेच ती. मारुती ८००. एकेक ओळ घेऊ.

ओळ पहिली: किंमत, सुमारे ४७,५०० रुपये

१४ डिसेंबर १९८३. पंतप्रधान इंदिरा गांधींनी पहिल्या मारुतीची चावी दिली. कुणाला? कुणा उद्योगपतीला नाही, सोडतीत नाव निघालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या एका कर्मचाऱ्याला. गाडीची किंमत होती साधारण ४७,५०० रुपये.

आता तुम्ही म्हणाल, अरे, एवढ्यात तर आज एक बरा फोन येतो. बरोबर, पण तो १९८३ चा रुपया होता आणि नोकरदार माणसाला ती रक्कम उभी करायला बरीच वर्षं लागायची. आणि त्या किमतीमागे आणखी एक किंमत होती, जी कुठल्याच तक्त्यात छापलेली नव्हती. ती म्हणजे वाट बघणं.

त्याच वर्षी कंपनीने बुकिंग उघडलं तेव्हा १०,००० रुपये आगाऊ भरायचे होते. लाखाहून जास्त लोकांनी ते भरले. नीट ऐका, तोवर एकही गाडी ग्राहकाच्या हातात गेलेली नव्हती. कारखाना अजून उभा राहत होता. तरीही लोकांनी साठवलेला पैसा काढून दिला.

असं का केलं असेल? हे समजायला आपल्याला थोडं मागे जावं लागेल, आणि त्यासाठी आधी मुंबईतच थांबावं लागेल.

१९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला होता. सुटे भाग बोटीने यायचे, इथे जोडणी व्हायची. १९४४ मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, कारखाना कुर्ल्याला. मग स्वतंत्र भारत सरकारने १९५३ च्या सुमाराला धोरण आणलं की नुसती जोडणी चालणार नाही, टप्प्याटप्प्याने भाग इथेच बनवावे लागतील. जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनी गाशा गुंडाळला. राहिल्या मुख्यतः तीन कंपन्या. कोलकात्याजवळ उत्तरपाड्यात हिंदुस्तान मोटर्सची अँबॅसेडर, चेन्नईला स्टँडर्ड, आणि आपल्या कुर्ल्याची फियाट, जी पुढे पद्मिनी झाली.

या तिघांना किती गाड्या बनवायच्या याचाही परवाना लागायचा. सगळ्या देशात मिळून वर्षाला पन्नास हजारही मोटारी बनत नव्हत्या. एवढा मोठा देश आणि एवढ्याच गाड्या! त्यामुळे नंबर लावा आणि थांबा. स्कूटरचंही तेच. पुण्याच्या आकुर्डीत बनणाऱ्या चेतकसाठी लोक वर्षानुवर्षं थांबत. ज्याचा नंबर आधी लागला तो ‘ऑन’ घेऊन गाडी दुसऱ्याला विकायचा. नवी गाडी एका किमतीला, आणि शोरूमच्या बाहेर पाऊल टाकताच त्याहून जास्त किमतीला. आज आपल्याला उलटं माहीत आहे, गाडी शोरूमबाहेर आली की भाव पडतो.

मग छोट्या, स्वस्त गाडीचा विचार कुणी केलाच नव्हता का? केला होता की! १९५९ मध्येच सरकारने एल. के. झा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. त्यानंतर समित्या आल्या, चर्चा झाल्या, गाडी काही आली नाही.

आणि एक गोष्ट आपल्या मातीतली. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी स्वतःच्या हिमतीवर एक छोटी गाडी बनवली होती. नाव ‘मीरा’. चाळीसच्या दशकाच्या शेवटापासून सत्तरपर्यंत त्यांनी तिचे वेगवेगळे नमुने बनवले, रस्त्यावर चालवून दाखवले. जाणकारांनी कौतुकही केलं. पण ती कारखान्यातून बाहेर कधीच पडली नाही. कल्पना होती, हात होते, गिऱ्हाईक तर होतंच होतं. परवाना आणि भांडवल नव्हतं.

मग परवाना कुणाला मिळाला? १९७० मध्ये पंतप्रधानांचे धाकटे चिरंजीव संजय गांधी यांना. १९७१ मध्ये मारुती मोटर्स ही खासगी कंपनी झाली. हरियाणा सरकारने गुडगावात सुमारे ३०० एकर जमीन दिली. नमुने बनले, पण बाजारात गाडी आली नाही. आणीबाणीनंतर सरकार बदललं, न्यायमूर्ती गुप्ता आयोगाने या कारभाराची चौकशी केली, आणि कंपनी बुडाली. जून १९८० मध्ये संजय गांधी विमान अपघातात गेले. फेब्रुवारी १९८१ मध्ये सरकारने मारुती उद्योग लिमिटेड ही सरकारी कंपनी काढली. आधी सांगितलेली ती १४ डिसेंबर तारीख आठवते? तो संजय गांधींचा जन्मदिवस. तारीखसुद्धा योगायोगाने ठरली नव्हती.

म्हणजे बघा, ४७,५०० या एका आकड्यामागे परवाना राज आहे, एक राजकीय घराणं आहे, इचलकरंजीत अडकून राहिलेली एक गाडी आहे आणि रांगेत उभी असलेली लाखभर माणसं आहेत.

ओळ दुसरी: इंजिन, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, पेट्रोल

७९६ हाच आकडा का? ८०० सरळ का नाही, किंवा १००० का नाही?

सरकारी कंपनी तर निघाली, पण गाडी बनवायचं ज्ञान कुठे होतं? व्ही. कृष्णमूर्ती आणि त्यांचे सहकारी आर. सी. भार्गव परदेशी भागीदार शोधायला निघाले. सुरुवातीला युरोपातल्या कंपन्यांशी, मोठ्या गाडीबद्दलही बोलणी झाली. पण भारतातल्या गिऱ्हाइकाला हवी होती छोटी आणि कमी पेट्रोल पिणारी गाडी. शेवटी ऑक्टोबर १९८२ मध्ये करार झाला जपानच्या सुझुकीशी. सुझुकीचा हिस्सा २६ टक्के. त्या वेळी सुझुकी ही जपानमधल्या दिग्गजांच्या तुलनेत छोटी कंपनी होती, पण एका गोष्टीत ती पक्की होती. छोट्या गाड्या.

आणि तिच्या गाड्या छोट्या का होत्या? जपानी कायद्यामुळे. जपानमध्ये ‘केई’ नावाचा गाड्यांचा एक वर्ग आहे. ठरावीक लांबी, रुंदी आणि इंजिनाच्या आत बसणाऱ्या गाडीला करात आणि इतर गोष्टींत सवलत. १९७६ पासून ती मर्यादा होती लांबी ३.२ मीटर, रुंदी १.४ मीटर, इंजिन ५५० सीसी. जपानी कंपन्यांनी या चौकटीत माणूस कसा बसवायचा याचं शास्त्रच करून टाकलं. युद्धानंतरच्या जपानला स्वस्त वाहन हवं होतं, त्यातून ही चौकट आली होती.

देशाबाहेर विकताना ५५० ची अट नव्हती. म्हणून त्याच छोट्या अंगात थोडं मोठं, आठशेच्या आतलं इंजिन बसवून सुझुकी निर्यात करायची. तीच गाडी गुडगावात आली. म्हणजे आपली ‘मारुती’ ही मुळात जपानच्या कायद्याने मापून शिवलेला सदरा होता, गळा थोडा सैल केलेला. करार ते पहिली चावी, चौदा महिन्यांत काम झालं, कारण गाडी नव्याने आखायची नव्हती. आमच्या भाषेत सांगायचं तर चालू असलेला कोड उचलला आणि इथल्या सर्व्हरवर चढवला.

१९८६ मध्ये अंग बदललं. गोलसर, जास्त रुंद, आज आपल्या डोळ्यांसमोर येते ती मारुती. पण इंजिन ७९६ च राहिलं. हेच इंजिन मारुती व्हॅनमध्ये गेलं, जी पुढे ओम्नी म्हणून शाळेच्या मुलांपासून रुग्णवाहिकेपर्यंत सगळ्यांची झाली. त्याच घराण्यातलं सुधारलेलं इंजिन अल्टोमध्ये गेलं. अल्टो ८०० बंद झाली २०२३ मध्ये. म्हणजे ७९६ हा आकडा भारतीय स्पेक शीटवर जवळजवळ चाळीस वर्षं टिकला. सीमेपलीकडे पाकिस्तानात हीच गाडी ‘मेहरान’ नावाने २०१९ पर्यंत बनत होती. दोन देशांमध्ये काहीही चालू असो, दोन्हीकडचे मेकॅनिक एकाच इंजिनापुढे डोकं खाजवत होते.

ओळ तिसरी: वजन, साडेसहाशे किलोच्या आसपास

ही ओळ सहसा कुणी वाचत नाही. पण खरी क्रांती इथे आहे.

पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसी, चार सिलिंडर. वजन नऊशे किलोच्या आसपास. मारुतीचं इंजिन तिच्यापेक्षा लहान, पण ताकद साधारण तेवढीच, चाळीस अश्वशक्तीच्या आगेमागे. आणि ओढायचं वजन मात्र अडीचशे किलोने कमी. अडीचशे किलो म्हणजे तीन-चार माणसं. पद्मिनी रिकामी चालताना जणू चार पाहुणे कायमचे आत बसलेले!

आता हे मनात घेऊन बोरघाट चढा. जुन्या गाड्यांचा एक ठरलेला कार्यक्रम असायचा. घाटात मध्येच थांबायचं, बॉनेट उघडायचं, इंजिन निवलं की रेडिएटरमध्ये पाणी ओतायचं, तोवर मंडळी कठड्यावर बसून डबा खाणार. घरातल्या मोठ्यांना विचारा, प्रत्येकाकडे अशी एक गोष्ट निघेल. मारुतीने हा कार्यक्रम बऱ्यापैकी बंद पाडला. वजन कमी, पुढची चाकं ओढणारी, त्यामुळे मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब दांडा नाही, आत पाय ठेवायला जागा जास्त. गिअरची दांडी स्टिअरिंगच्या दांड्यावर नाही, खाली हाताशी.

आणि त्या काळच्या लोकांना सर्वात मोठं फीचर कुठलं वाटलं असेल? गाडी सकाळी पहिल्या चावीला चालू व्हायची. बस. ढकलायला शेजाऱ्यांना हाक मारायची नाही. आज आपण हे फीचर म्हणून मोजतसुद्धा नाही, आणि हाच तिचा विजय आहे. एखादी गोष्ट यादीतून गायब होते, कारण ती सगळ्यांनी गृहीत धरलेली असते.

यामागे गुडगावच्या कारखान्यातली शिस्तही होती. साहेब आणि कामगार सगळ्यांना एकच गणवेश, एकच कॅन्टीन. त्या काळच्या सरकारी कंपनीत ही कल्पनाच नवी होती. शिवाय सुरुवातीला बरेच भाग जपानहून यायचे, आणि पाच वर्षांत जवळपास सगळे भाग इथे बनवायचे असं बंधन होतं. त्यात १९८५ नंतर जपानी येन महाग झाला आणि बाहेरून आणणं परवडेना. त्यामुळे इथले छोटे-मोठे कारखानदार दिवे, सीट, काचा, ब्रेक बनवायला शिकले, जपानी मापाने. आज भारतातून वाहनांचे सुटे भाग जगभर जातात, त्याची एक मोठी शाळा ही गाडी होती.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे, आणि ती मुंबईत आहे. अडीचशे किलोचा तो फरक कुर्ल्याला भारी पडला. रांग संपली तशी पद्मिनीची मागणी घटली. २००० च्या सुमाराला तिचं उत्पादन थांबलं. आज त्या जागेवर इमारती आहेत. पद्मिनी तरी तग धरून होती, काळी-पिवळी टॅक्सी म्हणून. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली आणि तीही रस्त्यावरून गेली. स्पेक शीटवरची एक ओळ सुधारली की कुठेतरी एखाद्या कारखान्याचा भोंगा बंद होतो. गाडी चांगली झाली हे खरंच आहे. भोंगा बंद झाला हेही खरंच आहे.

ओळ चौथी: लांबी, ३,३३५ मिलिमीटर

जपानी कायद्याने मारुतीला छोटं ठेवलं, हे आपण पाहिलं. आपल्या कायद्यानेही पुढे हेच केलं. २००६ च्या अर्थसंकल्पात सरकारने ‘छोटी गाडी’ कशाला म्हणायचं याची व्याख्या केली. लांबी ४ मीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत. अशा गाडीवरचा अबकारी कर २४ वरून १६ टक्के झाला.

मग काय झालं? आजच्या बऱ्याच छोट्या गाड्यांची लांबी बघा. ३,९९० किंवा ३,९९५ मिलिमीटर असं काहीतरी दिसेल. पाच मिलिमीटर वाचवलेले! परीक्षेत काठावर पास होणाऱ्या मुलासारखं. काही सेडानच्या डिक्कीला मागून कुणीतरी थप्पड मारल्यासारखं का दिसतं? त्याचंही हेच उत्तर. १२०० ची मर्यादा असल्यामुळेच तुम्हाला यादीत ११९७ आणि ११९९ सीसी पुन्हा पुन्हा दिसतात. जीएसटी आला तरी ही व्याख्या टिकली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये अशा गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला तेव्हाही रेषा तिथेच होती, ४ मीटर आणि १२०० सीसी.

तेव्हा फोनवर तुलना करताना ३,९९५ दिसलं की लक्षात ठेवा, हा आकडा डिझायनरने काढलेला नाही. तो अर्थसंकल्पाने काढलाय.

ओळ पाचवी: प्रदूषण मानक

१९८३ च्या तक्त्यात ही ओळ नव्हतीच. ती नंतर, हळूहळू आली. १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. १९९९ मध्ये दिल्लीच्या हवेबद्दल सर्वोच्च न्यायालयाने कडक आदेश दिले आणि मानकं वेगाने पुढे सरकली. कार्ब्युरेटर गेला, संगणकाने नियंत्रित होणारं इंधन इंजेक्शन आलं. जुन्या मेकॅनिकचं कान लावून इंजिन जुळवायचं कसब थोडं मागे पडलं.

एप्रिल २०१० मध्ये तेरा शहरांत बीएस-४ लागू झालं. त्या यादीत आपली तीन नावं होती: मुंबई, पुणे आणि सोलापूर. कंपनीने ८०० ला त्या मानकापर्यंत न्यायचं नाही असं ठरवलं. म्हणजे पुण्यात नवी ८०० मिळेना, साताऱ्यात मिळायची! वालचंदांच्या सोलापुरातही तिची विक्री थांबली. बाकी देशात ती आणखी काही वर्षं चालली आणि १८ जानेवारी २०१४ ला उत्पादन कायमचं थांबलं. तोवर २५ लाखांहून जास्त गाड्या बनल्या होत्या.

नसलेली ओळ

आता मुद्द्याची गोष्ट. मघापासून आपण असलेल्या ओळी वाचतोय. पण जुना कागद वाचताना त्यात काय लिहिलेलं नाही हेही बघावं लागतं. या तक्त्यात एक ओळ शेवटपर्यंत नव्हती. सुरक्षितता.

८०० ला एअरबॅग कधी आली नाही. एबीएस कधी आलं नाही. बेस गाडीला डावीकडचा आरसासुद्धा नसायचा. वजन कमी हा जो मघाशी गुण म्हणून सांगितला, त्याचीच ही दुसरी बाजू आहे. अडीचशे किलो कमी झाले, त्यात लोखंडही होतं.

तारखा बघा. १८ जानेवारी २०१४ ला ८०० बंद झाली. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच छोट्या गाड्यांच्या धडक चाचण्यांचे निकाल जाहीर केले. ताशी ६४ किलोमीटर वेगाने समोरून धडक. गाड्या होत्या अल्टो ८००, नॅनो, आय१०, फिगो आणि पोलो, सगळ्या एअरबॅग नसलेल्या. मोठ्यांच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना शून्य तारे. म्हणजे हा एकट्या मारुतीचा प्रश्न नव्हता. देशी, जपानी, कोरियन, अमेरिकन, जर्मन, सगळ्यांचं उत्तर एकच होतं. भारतात नियम मागत नाही, गिऱ्हाईक विचारत नाही, मग का घाला?

इथे एक प्रामाणिक प्रतिवाद आहे आणि तो मला टाळायचा नाही. स्वस्त गाडी नसती तर ती माणसं कशावर बसली असती? स्कूटरवर. नवरा-बायको, मधे एक पोर, पुढे एक पोर. रतन टाटांनी नॅनोमागची प्रेरणा हीच सांगितली होती, पावसात स्कूटरवरून जाणारं कुटुंब. पत्र्याची का होईना, पण चारी बाजूंनी भिंत आणि डोक्यावर छप्पर हे स्कूटरपेक्षा बरंच. मग शून्य ताऱ्यांची गाडी चांगली की वाईट? कशाशी तुलना करता त्यावर आहे. चेतकशी केली तर मारुती हे वरदान. त्याच वेळी युरोपात विकल्या जाणाऱ्या गाडीशी केली तर अन्याय. दोन्ही उत्तरं एकाच वेळी खरी आहेत.

नॅनोचं उदाहरण इथे शिकण्यासारखं आहे. जानेवारी २००८ मध्ये ती एक लाखाची गाडी म्हणून जगासमोर आली. पुण्याच्या टाटा मोटर्सच्या अभियंत्यांनी तिच्यावर मेहनत घेतली होती. ६२४ सीसी, दोन सिलिंडर, इंजिन मागे. काय काय काढलं होतं? एकच वायपर. चाकाला चारऐवजी तीन नट. सुरुवातीच्या गाडीची डिक्की बाहेरून उघडायची नाही. अभियांत्रिकी म्हणून हे अफाट काम होतं, मी बीटेकवाला म्हणून त्याला सलाम करतो. पण लोकांनी तो तक्ता ‘काय काढलंय’ याची यादी म्हणून वाचला. मारुती घेणारा माणूस १९८३ मध्ये शेजाऱ्याच्या वर चढत होता. नॅनो घेणाऱ्याला ‘सर्वात स्वस्त’ असा शिक्का मिळत होता. मधल्या पंचवीस वर्षांत रांग संपली होती, निवड आली होती. २०१८ मध्ये नॅनोचं उत्पादन जवळपास थांबलं.

सुरक्षिततेची ओळ अखेर आली, पण कंपन्यांच्या मनाने नाही, नियमाने. २०१९ मध्ये एबीएस आणि चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. पुढे शेजारच्या सीटलाही एअरबॅग आली. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची तारे देणारी चाचणी सुरू झाली. हे सगळं घातल्याने गाड्या महाग झाल्या, वजन वाढलं, हेही खरं. स्वस्त गाडी आता तेवढी स्वस्त राहिली नाही म्हणून ओरड होते. पण पूर्वीही ती किंमत कुणीतरी भरत होतंच. शोरूममध्ये भरत नव्हते, महामार्गावर भरत होते.

मग आज गाडी घेताना काय?

इतिहासाचा भाग आहे, त्यामुळे कुठली गाडी घ्या ते मी सांगणार नाही. पण तक्ता वाचायची एक पद्धत सांगतो.

पहिलं, कुठलाही आकडा एखाद्या मर्यादेच्या अगदी काठावर असेल, ३,९९५ किंवा ११९९, तर त्यामागे कर किंवा कायदा असणार. तो गाडीचा गुण नाही आणि दोषही नाही.

दुसरं, बेस मॉडेलच्या रकान्यात जिथे फुली आहे तिथे थांबा. रंगीत स्क्रीन नसली तर पुढे बाहेरून बसवता येते. एअरबॅग, एबीएस आणि गाडीचा सांगाडा बाहेरून बसवता येत नाही. पैसे कुठे वाचवायचे हे ठरवताना एवढा फरक पुरेसा आहे.

आणि तिसरं, तक्त्यात नसलेली ओळ विचारा. सेल्समनला म्हणा, या गाडीला किती तारे आहेत, आणि ते कुठल्या मॉडेलची चाचणी करून मिळालेत? १९८३ मध्ये रांगेत उभ्या असलेल्या माणसाकडे हा प्रश्न विचारायची सोय नव्हती. गाडी मिळतेय हेच त्याला खूप होतं. आपण रांगेत उभे नाही आहोत.

तुमच्या घरी ८०० असेल, अजून चालत असेल किंवा नुसती तिची कागदपत्रं कपाटात असतील, तर एकदा काढून बघा. आरसी बुकात इंजिनाच्या रकान्यात ७९६ दिसेल. घरातल्या मोठ्यांना विचारा, नंबर कधी लावला होता, किती थांबावं लागलं, ‘ऑन’ दिला होता का. जे सांगतील ते फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. असल्या गोष्टी कुठल्याच माहितीपत्रकात छापून येत नाहीत.

भेटूया पुढच्या भागात. तोवर पुढे बसा किंवा मागे, सीटबेल्ट लावा. नमस्कार!